जॉनबाबाचं डिनर

रवि. १ फेब्रु. १९५३

डॉक्टर म्हणाले, धर्माजी, रोज चार ओळी लिहा, डाव्या हातानं का होईना. डोकं शाबूत आहे तुमचं, त्याला काम द्या. म्हणून ही वही. ‘शाबूत’ लिहिताना घाम आला.

उजवं अंग गेलं त्याला पाच महिने. जीभही गेली. आहे तोंडात, पण भिजलेल्या कणकेसारखी पडून असते. बोलायला गेलो की लाळ येते आणि नुसता आवाज. ही तेवढी ओळखते. दहातले दोन शब्द.

सोम. २

काही नाही. हिनं पेज भरवली. निम्मी सदऱ्यावर.

मंगळ. ३

पत्र आलं! जॉनबाबाचं, पुण्याहून. कुणा कारकुनाकडून मराठीत लिहवून घेतलेलं. वत्सलेनं वाचून दाखवलं. माझी लेक, नेऱ्याला दिली आहे, सहावा महिना, माहेरी आली आहे. सातवी पास. हिला अक्षर येत नाही, म्हणून घरातलं सगळं वाचणं वत्सलेकडे.

जॉनबाबा कायमचा विलायतेला चालला. रविवारी १५ तारखेला मोटारनं मुंबईला जाताना पनवेलला थांबणार. दुपारी एक वाजता. ‘धर्मा, तुझ्या हातचं स्टेक आणि भाजलेल्या भाज्या खाऊन मगच बोटीत बसेन. तुझ्याशी एक बोलायचंही आहे.’

सव्वीस वर्षं मुंबईला साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाक केला. त्यांचं हे पोर माझ्या समोर वाढलं. त्याला माझ्या दुखण्याचं कुणी कळवलेलं नाही.

वत्सला म्हणाली, “बाबा, कळवू ना त्यांना? बरं नाही म्हणून?”

मान हलवली. नाही.

“अहो पण करणार कोण?”

नाही म्हणजे नाही.

बुध. ४

ही सकाळपासून भांडी आपटते आहे. शेवटी समोर येऊन उभी राहिली. “कोन रांधनार? तुमी? उठा मंग.”

मी गप्प. गप्पच असतो म्हणा.

“माज्या चुलीवर मोठ्याचं चढायचं नाय. सांगून ठेवतंय.”

तिचं बरोबर आहे. सव्वीस वर्षांत गाईबैलाचं मटण मी या घरात कधी आणलं नाही. मुंबईहून आलो की आधी विहिरीवर अंघोळ, मग उंबरा. मी काय शिजवतो ते तिनं कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही.

कळवायला हवं होतं का त्याला? पण काय कळवू. धर्मा आता नाही, त्याच्या जागी एक गाठोडं आहे?

गुरु. ५

सकाळी खिडकीतून पाहिलं. परसात, शेवग्याच्या पलीकडे, हिनं तीन दगड मांडलेत. चूल. सारवलीही. वत्सलेनं विचारलं तर म्हणाली, “पाव्हना यायचा आनि उपाशी धाडू काय?”

शुक्र. ६

माझी ट्रंक उघडायला लावली. आत माझं फ्राइंग पॅन आणि सुरी, फडक्यात बांधलेली. पॅन बिडाचं, जड. कधी साबण लावला नाही, राख लावली नाही. नुसतं पुसायचं आणि चरबीचा हात फिरवायचा. काळं कुळकुळीत, आरशासारखं.

दुपारी डोळा लागला. उठलो तर ही विहिरीवरून येते आहे, हातात पॅन. वाळू, राख, काथ्या, सगळं लावून घासलेलं. पांढरं फटक.

“बगा, कसं लख्ख निगालं. किती वर्साचं किटन व्हतं.”

मी ओरडलो. बाबाबा असं काहीतरी. तिला वाटलं खूश झालो. हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली ती माझ्याकडे बघून.

मग मीही मान डोलावली.

शनि. ७

पाटीवर वत्सलेला लिहून दिलं. पॅनला चरबी लाव, तापव, गार कर, परत लाव. एवढं लिहायला सबंध सकाळ. तिनं दिवसभरात पाच वेळा केलं. चरबीच्या वासानं तिला मळमळतं, पदर नाकाला लावून करते. सव्वीस वर्षांचं एका दिवसात येत नाही. पण चिकटणार नाही इतपत झालं.

रवि. ८

पहिली परीक्षा. नापास.

वत्सलेची चिठ्ठी वाचून हसनभाई खाटीक स्वतः आला. अंडरकट घेऊन, केळीच्या पानात. “धर्माभाई, तुमचा निरोप आला, मी दुसऱ्याच्या हाती कसा धाडू? एकदम उमदा आहे.” जनावराच्या पाठीच्या आतला हा तुकडा, लोण्यासारखा. बोटानं दाबून पाहिला. डाव्या बोटाला अजून कळतं.

मला खुर्चीसकट उचलून परसात नेलं. हिनं चूल पेटवली. मटणाला हात लावण्याआधी हातातल्या बांगड्या मागे सारल्या, तोंड दुसरीकडे केलं. तुकडा पॅनमध्ये पडला. आवाज बरोबर आला. मी पाटी घेतली. ‘उलट’ लिहायचं होतं. ‘उ ल’ होईपर्यंत धूर.

स्टेक सगळं मिळून सहा-सात मिनिटांचं काम. माझ्या एका शब्दाला तीन मिनिटं.

वत्सला केळीच्या आळ्यात ओकली. ही म्हणते, “हळद नाय, तिखट नाय, आलं-लसून नाय. हिवस वास येनार नाय तं काय?”

आणि चाखायचं कुणी? ही शिवणार नाही. वत्सलेला वासही नको. माझ्या जिभेवर ठेवलं तर चामड्याचा तुकडा ठेवल्यासारखं. चव कळतच नाही. घरात तीन माणसं, आणि चांगलं झालं की वाईट ते सांगणारं एकही नाही.

हसनभाईनं खाल्लं. बराच वेळ चावत राहिला. “नमक ठीक है,” म्हणाला.

सोम. ९

युक्ती वत्सलेची. पाटी नको, काठी. एकदा आपटली की उलटायचं. दोनदा की उतरवायचं. तीनदा म्हणजे विस्तव मागे ओढ. मी आवाज ऐकून सांगायचं. कान गेलेले नाहीत अजून.

दिवसभर दोघींनी पॅनमध्ये भाकरीचा तुकडा टाकून सराव केला. मी टक टक. ही एकदा म्हणाली, “जनमभर घरात नव्हतात, आता काठी आपटताव.” चेष्टेनं म्हणाली का रागानं ते कळलं नाही.

मंगळ. १०

भाज्या. ओव्हन कुठला इथे. साहेबांबरोबर फिरतीवर डाक बंगल्यात करायचो तसं केलं, रॉकेलचा रिकामा डबा आडवा, आत वाळू, खाली निखारे, वरच्या पत्र्यावर निखारे. बटाटे, गाजरं, नवे पांढरे कांदे सबंध. मीठ, मिरी, चरबी. बाजारात फरसबी नाही. हिनं वालाच्या शेंगा आणल्या, मी मानेनं नाही म्हटलं, तिनं टाकल्याच.

तासाभरानं उघडलं तर बटाटे पिवळे. हळद! मी काठी आपटली. ती म्हणाली, “तीनदा आपटलीत, म्हंजे विस्तव मागं ना?”

भाज्या मात्र दोघींनी खाल्ल्या. वत्सलेनं तीन बटाटे. वालाच्या शेंगाही चांगल्या झाल्या म्हणे.

गुरु. १२

शिवरात्र. आज तसलं काही नाही. परसातली चूल झाकून ठेवली.

उपासाला रताळी भाजली. ती सोलताना ही एकदम म्हणाली, “बाळूला भाजलेलं आवडायचं.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. बाळू आमचा पहिला. सहा वर्षांचा होऊन गेला, तापानं, एकवीस वर्षांपूर्वी. या घरात त्याचं नाव निघत नाही. वत्सला तेव्हा पाळण्यात. ऐकून वत्सला उठून आत गेली.

“तुमी असताव तं पानी तरी तुमच्या हातचं गेलं असतं त्याच्या तोंडात,” ही म्हणाली. माझ्याशी नाही. रताळ्याशी.

शुक्र. १३

त्या दिवशी तार आली होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. बाळूला तोवर पुरलंही होतं. संध्याकाळची लाँच चुकली असं मी हिला सांगितलं.

पुढे लिहवत नाही. हात दुखतो.

शनि. १४

हसनभाई माल देऊन गेला. वत्सलेनं शाळेतून टेबल आणि खुर्ची मागून आणली. हिनं लग्नातली पांढरी चादर काढली टेबलावर घालायला.

संध्याकाळी परत एकदा. छोटा तुकडा. आवाज, काठी, उलट, आवाज, काठी, काठी. कापून दाखवलं. आत लाल जास्त. एक मिनिट कमी पडलं. की माझ्या कानातच कमी पडलं? सांगता येत नाही.

सोम. १६

काल लिहिता आलं नाही. आज सकाळपासून थोडं थोडं लिहितो आहे.

पाऊण वाजता मोटार थांबली. आळी गोळा झाली. वाकून दारातून आत आला. टक्कल पडायला लागलंय. मला पाहिलं आणि हॅट हातात धरून तसाच उभा.

“धर्मा?” म्हणाला. जसं काही दुसऱ्याच कुणाला विचारतोय.

मी ‘जॉनबाबा’ म्हणालो. काय निघालं देव जाणे. तो खाली बसला आणि माझा हात हातात घेतला. उजवा. त्याचा हात गरम होता का गार तेही मला कळलं नाही. डावा धर रे, असं सांगायचं होतं.

मग वत्सला आणि तो, दोघांनी माझी खुर्ची मागच्या दारात नेली. मला चूल दिसत होती, टेबल दिसत होतं. ही डोक्यावरून पदर घेऊन चुलीशी बसलेली. पॅन तापलं, धूर निघायच्या बेतात आलं, तिनं तुकडा सोडला. तो आवाज! लोण्याचा गोळा सोडला. मी काठी आपटली. तिनं उलटलं. मी ऐकत राहिलो. दोनदा आपटायला काठी उचलली, तर तिनं आधीच उतरवलेलं. माझ्या आधी. ताटलीत ठेवून वर झाकण. रस आत मुरू दे म्हणून झाकायचं हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. एरवी मटण शिजवणाऱ्या तिच्या हाताला ते आपोआप कळलं असेल.

त्यानं कापलं. आत डाळिंबाच्या दाण्यासारखं. पहिला घास घेऊन डोळे मिटले.

“तसाच,” म्हणाला. “धर्मा, तसाच आहे.”

मी काठी हिच्याकडे केली. हिनं केलं, हिनं. त्यानं उठून तिला हात जोडले. “बाई, फार चांगला.” शेंगाही खाल्ल्या. हे काय म्हणून विचारलं, आणखी मागितल्या. मला वाटलं, निभावलं. खरंच वाटलं.

मग काटा खाली ठेवला. त्याची मराठी आयेकडून शिकलेली, मोडकी, पण कळते.

“धर्मा, एक गोष्ट बोलायचा आहे. आई मरताना मला बोलली. माझा आठवा वाढदिवस होता. तुझा मुलगा आजारी, तार आला. घरात पार्टी. आम्ही तुला सोडला नाही. तू हेच बनवला. मी खाल्ला. दोन वेळा मागून खाल्ला. मला ठाऊक नव्हता. मी माफी मागायला आला.”

मी ओरडलो. काठी आपटली, आपटत राहिलो. गप्प बस, गप्प बस रे. त्याला वाटलं मी रडतोय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ही शेंगांचं ताट घेऊन दारात उभी होती.

“काय म्हनला त्यो?” तिनं वत्सलेला विचारलं. वत्सलेनं मान फिरवली. म्हणून त्यानं परत सांगितलं. हिच्यासाठी, सावकाश, एकेक शब्द. तार. पार्टी. सोडला नाही.

ती पुढे आली. मग ताट त्याच्यापुढे ठेवलं.

“खा,” म्हणाली. “थंड होतंय.”

त्यानं सगळं खाल्लं. अडीचला मोटार गेली.

मंगळ. १७

ही माझ्यापाशी येऊन बसली. कामाशिवाय. उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळलं.

“का नाय सांगितलंत? लाँच चुकली म्हनालाव. मी मनात म्हनायचे, ह्यांना पोराचं काय नव्हतं. येवढी वर्सं म्हनत व्हते.” डोळ्याला पदर लावला. “सोडलंच नाय त्यांनी. बांधून ठेवल्यावानी. तुमी तरी काय करनार.”

मी हात काढून घेऊ बघत होतो. तो हात माझ्यानं हलत नाही.

दुपारी बोंबलाचं कालवण केलं, काटा काढून काढून भरवलं. सांडलं की ओठ आपल्या पदरानं पुसला. शेजारणीला सांगत होती, आमच्या ह्यांना लय सोसावं लागलं.

बुध. १८

आता लिहितो.

तार अकराच्या सुमाराला आली. मेमसाहेबांनी वाचून दाखवली. लगेच म्हणाल्या, “धर्मा, यू गो. अब्दुल करेगा.” अब्दुल म्हणजे माझा हाताखालचा, आठ दिवसांपूर्वी लागलेला.

मी उभा राहिलो. बारा माणसं जेवायला होती. साहेबांचे मोठे साहेब येणार होते. अब्दुलनं अंडरकटची वहाण केली असती. मला वाटलं, ताप आहे, पोरांना येतो, उतरतो. सकाळच्या लाँचनं जाऊ.

“नो मेमसाब,” मी म्हणालो. “आय स्टे.”

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. दोनदा विचारलं त्यांनी.

दिवेलागणीला बाळू गेला. त्याच सुमाराला मी पहिला तुकडा पॅनमध्ये सोडला असेन. जेवण झाल्यावर मला हॉलमध्ये बोलावलं. सगळ्या साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब म्हणाले, असं स्टेक लंडनमध्ये मिळत नाही. मी अदबीनं उभा होतो आणि मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं. आनंद झाला होता.

मेमसाहेबांनी मरताना तो दोष आपल्यावर का घेतला कोण जाणे. की जॉनबाबाच उलटं समजला. तो आता समुद्रात आहे. त्याला विचारून सांगायला कुणी नाही.

गुरु. १९

पान वत्सलेपुढे धरलं. तिनं उभ्यानंच वाचलं. मग भिंतीला धरून खाली बसली.

मी आईकडे बोट दाखवलं. तिला वाचून दाखव.

“नाही बाबा.”

परत बोट केलं.

“मी नाही वाचणार. एकवीस वर्षांनी ती कुठं जरा... तुम्ही बघताय ना तिला? गाणं म्हणत होती सकाळी जात्यावर.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी तिला हे ऐकवू?”

वही मिटून माझ्या उशाशी ठेवली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

शुक्र. २०

वत्सलेला न्यायला नेऱ्याहून बैलगाडी आली. निघताना पाया पडली. वर पाहिलं नाही.

आता घरात वाचून दाखवणारं कुणी नाही. मी लिहू शकतो, ती वाचू शकत नाही. मी बोलू शकत नाही, ती ऐकू शकते. हिनं रात्रीच्या भाकरीला तूप लावलं. माझ्याच. स्वतःच्या नाही.

शनि. २१

आज सकाळी दोनदा प्रयत्न केला. ती जवळ आली की मान हलवायची. नाही, नाही. सोडलं होतं त्यांनी. ती म्हणते, “काय दुकतंय? उशी काढू?” छातीवर हात मारून घेतला तर घाबरली, डॉक्टरला बोलवते म्हणाली.

दुपारी जेवण भरवून झाल्यावर वही हातात घेतली तिनं. उलटी धरली. पानं चाळली.

“येवढं काय लिवताव वो रोज?”

मी ते पान काढून दिलं. बुधवारचं.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. “ह्ये लय घासून लिवलंय. कागद फाटलाय हितं.” मग माझ्याकडे बघत राहिली. ती खुळी नाही. “वत्सी जाताना रडत व्हती. ह्याच्यापायी?”

मान डोलावली. हो.

“तं मंग वाचा तुमीच.”

मी तोंडाकडे बोट केलं.

“मला समजंल. जसं येईल तसं वाचा. मी कुटं जायची नाय.”

वही मांडीवर धरली. तोंड उघडलं. पहिल्या ओळीला बराच वेळ गेला. ‘तार’ तिला कळलं. ‘मेमसाहेब’ कळलं. ‘यू गो’ मी तीनदा म्हणालो, चार वेळा म्हणालो, ते काही कळेना. इंग्रजी तिला कुठून यायला. मग मी हातानं दाखवलं. दार. जा.

“जा? कोन जा? तुमाला जा म्हनली?”

ती उठली. मला वाटलं, गेली. पण नाही, खरकटं तसंच पडलं होतं ते उचललं.

“येवढी भांडी घासते,” म्हणाली. आवाज निराळा होता. “मंग पुढचं सांगा. समदं सांगा.”

ती परसात आहे. तेवढ्यात हे लिहून घेतोय. भांड्यांचा आवाज थांबला.